वाचक विचारतात: मीटिअर उंच पडते, शॉकअप आखूड टाकू का?

या वेळी आलेल्या पत्रांमध्ये निम्मे प्रश्न एकाच गोष्टीचे आहेत, क्रूझर, म्हणजे पाय पुढे टाकून बसायची गाडी, खाली बसवायची. कुणाला पाय टेकत नाहीत म्हणून, कुणाला लुकसाठी. म्हणून यावेळी तेवढंच घेतोय, इंजिन ऑइलचे आणि मायलेजचे प्रश्न पुढच्या अंकात.

प्रश्न: मी जुळे सोलापूरला राहते, उंची ५ फूट १ इंच. दिवाळीत सेकंडहँड रॉयल एनफिल्ड मीटिअर ३५० घेतली, गाडी खूप आवडते पण सात रस्त्याला सिग्नलला थांबले की दोन्ही पायांचे नुसते चवडे टेकतात आणि रस्ता जरा एका बाजूला उतरता असला की तेपण नाही. मागच्या महिन्यात गाडी कलंडलीच होती, शेजारच्या रिक्षावाल्या काकांनी धरली म्हणून वाचले. गॅरेजवाले दादा म्हणतात मागचे दोन्ही शॉकअप दीड इंच आखूड टाकू, अर्ध्या तासाचं काम आहे. सुट्टीला मिस्टर मागे बसतात, महिन्यातनं एकदा तुळजापूर नाहीतर अक्कलकोट होतंच. करून घेऊ का?

उत्तर: ताई, आत्ता लगेच करू नका. गाडी १९१ किलोची आहे, ती सिग्नलला अंगावर यायला लागली की मनात भीती बसते आणि मग गाडी चालवणंच कमी होतं, त्यामुळे तुमची अडचण अगदी खरी आहे. पण दीड इंचाचा शॉकअप तुम्हाला जे देणार आहे त्यापेक्षा घेणार जास्त आहे, ते कसं ते नीट सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे मागचं चाक दीड इंच वर सरकलं म्हणून सीट दीड इंच खाली येत नाही. तुमची सीट दोन चाकांच्या मध्ये आहे, मागच्या चाकाच्या बऱ्यापैकी पुढे, आणि पुढचं चाक तर जागचं हललेलंच नाही. म्हणजे गाडी पुढच्या चाकावर टेकून मागे कलते. हिशोब केला तर तुमच्या बसायच्या जागी जेमतेम एक इंच मिळतो, म्हणजे ७६५ मिमीची सीट ७४०च्या आसपास येईल. आणि त्या एका इंचासाठी मागच्या चाकाची पूर्ण दीड इंचाची, म्हणजे ३८ मिमीची हालचाल गेली.

ही हालचाल म्हणजे नेमकं काय ते बघा. शॉकअप खड्डा गायब करत नाही, तो धक्का लांबवतो. चाकाला बसलेला दणका जितक्या जास्त अंतरात थांबवता येईल तितका तो हलका लागतो. आता समजा मागच्या चाकाला तुम्ही बसल्यावर ८० मिमी हालचाल शिल्लक राहते. त्यातनं ३८ गेले की उरले ४२, म्हणजे जवळपास निम्मे. तोच खड्डा, तोच वेग, पण थांबवायला जागा निम्मी, म्हणजे जोर साधारण दुप्पट लागणार. स्प्रिंग तीच मऊ ठेवली तर शॉकअप खाली आपटणार, आणि कडक टाकली तर आपटणार नाही पण प्रत्येक बारीकसारीक उंचवटा तुमच्यापर्यंत येणार. दोन्हीमधनं सुटका नाही.

आणि क्रूझरवर हे जास्त लागतं हे कुणी सांगत नाही. साध्या कम्यूटरवर, म्हणजे रोजच्या कामाच्या गाडीवर, पाय गुडघ्याखाली असतात, खड्डा दिसला की आपण नकळत पायावर जोर देऊन सीटवरनं अर्धा इंच उठतो आणि गुडघेच शॉकअपचं काम करतात. क्रूझरवर पाय पुढे असतात, तसं उठताच येत नाही, सगळा दणका माकडहाडावर आणि कमरेवर. मागे बसलेल्या माणसाचं तर विचारू नका, तो जवळजवळ मागच्या चाकावरच बसलेला असतो.

त्यात आपले रस्ते. सोलापूरच्या भोवती सगळी काळी माती, पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे वरचं डांबर नवं असलं तरी रस्ता लाटांसारखा होतो, गाडी वरखाली डुलत जाते आणि अशा ठिकाणी शॉकअपची हालचाल पूर्ण वापरली जाते. गाळप हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी कडेला चर पडतात ते वेगळंच. स्पीडब्रेकरचं तर बोलायलाच नको, नियमातला जो ठरलेला आकार आहे तो १० सेंमी उंच आणि ३.७ मीटर लांब असतो, म्हणजे गाडी त्यावर अलगद चढते आणि उतरते. कॉलनीत लोक रात्रीतनं जे घालून ठेवतात ते तेवढेच उंच पण लांबी हातभर, त्यावर पुढचं चाक उतरलेलं असतं आणि मागचं चढायचं असतं तेव्हा गाडीचं पोट त्या उंचवट्यावर असतं. मीटिअरचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे पोटाखालची मोकळी जागा, १७० मिमी हा गाडीवर कुणी बसलेलं नसतानाचा आकडा आहे, दोघं बसले की तो आधीच कमी होतो.

अजून एक सापळा आहे, तो गॅरेजमध्ये लक्षात येत नाही. काही आखूड शॉकअप असे असतात की लांबी कमी पण दांडा मूळच्या इतकाच आत जातो. ऐकायला बरं वाटतं, हालचाल तर शाबूत राहिली. पण मग पूर्ण दबल्यावर चाक मूळ डिझाइनपेक्षा जास्त वर येतं आणि टायर मडगार्डला आतनं घासतो. एकट्यानं चक्कर मारून बघितली तर सगळं छान, मिस्टर मागे बसून तुळजापूरच्या घाटात एक खड्डा आला की मग कळतं.

आणि फक्त मागनं खाली केलं की गाडीची ठेवणच बदलते. मीटिअरचा व्हीलबेस, म्हणजे दोन चाकांमधलं अंतर, १४०० मिमी, त्यात मागे ३८ मिमी खाली म्हणजे सगळी गाडी साधारण दीड अंशानं मागे कलली. पुढचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारे दोन पाईप, तेवढाच जास्त आडवा झाला, हँडल वळायला जड आणि आळशी होतं, नव्या पेठेतल्या गर्दीत हळू चालवताना पुढचं चाक आपोआप एका बाजूला पडल्यासारखं वाटतं. म्हणजे ज्या हळू वेगाची तुम्हाला भीती वाटते तिथंच गाडी अवघड होणार. हेडलाइट वर उचलला जातो, दीड अंश म्हणजे ५० मीटरवर सव्वा मीटर, समोरच्याच्या थेट डोळ्यात. तो स्क्रूनं खाली करता येतो पण करायचा असतो हे कुणाच्या लक्षात राहत नाही. साइड स्टँड गाडीच्या मानानं लांब पडतो, गाडी उभीच राहते आणि जरा धक्का लागला की पलीकडे आडवी. डबल स्टँडला गाडी आता जास्त उचलावी लागते, जे तुम्हाला आत्ताच जड जात असणार.

मग करायचं काय? हे क्रमानं करा, आणि प्रत्येक गोष्ट झाली की चार दिवस चालवून बघा.

सगळ्यात आधी मागच्या दोन्ही शॉकअपच्या खालच्या बाजूची खाचांची रिंग बघा. मीटिअरला प्रीलोडच्या, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची त्याच्या, ६ पायऱ्या आहेत. गाडी सेकंडहँड आहे म्हणताय, आधीचा मालक वजनदार असेल किंवा कायम डबलसीट जात असेल तर त्यानं ती वर चढवून ठेवलेली असायची फार शक्यता आहे. तुम्ही एकट्या चालवणार असाल तर सगळ्यात खालच्या पायरीवर आणा, दोन्हीकडं सारखी. स्प्रिंग मूळचीच राहते, गाडी तुमच्या वजनानं थोडी जास्त बसते एवढंच, आणि काही मिलिमीटर फुकटात मिळतात. मात्र मिस्टर मागे बसणार त्या दिवशी पाना घेऊन दोन-तीन पायऱ्या वर करायची सवय लावा, हे काम दोन मिनिटांचं आहे.

दुसरं सीट, आणि माझ्या मते तुमचं खरं उत्तर इथं आहे. पाय टेकणं उंचीवर जितकं अवलंबून तितकंच सीटच्या रुंदीवर. क्रूझरची सीट रुंद असते म्हणून मांड्या फाकतात आणि पाय तिरके खाली जातात, तिथंच इंच-सव्वा इंच वाया जातो. चांगल्या सीटवाल्याकडं जा, त्याला सांगा मधला फोम जास्त काढू नको, पुढच्या दोन्ही कडा मांडीच्या जागी उतरत्या कर. मधला फोम फार काढला तर आपण पत्र्यावर बसल्यासारखं होतं आणि मग शॉकअप आखूड करून जो त्रास होणार होता तोच दुसऱ्या वाटेनं आला. त्यानं फोम कापायच्या आधी तुम्ही सीटवर बसून खूण करून घ्या, गाडी सरळ धरून, रोजचे बूट घालून. मूळचा फोम जपून ठेवा.

बूट तिसरं. चपलेवर किंवा पातळ सोलच्या सँडलवर चालवत असाल तर घोट्यापर्यंतचा जाड सोलचा बूट घ्या, अर्धा-पाऊण इंच मिळतोच आणि तळवा घट्ट बसतो.

आणि शेवटचं, दोन्ही पाय टेकलेच पाहिजेत हा हट्ट सोडा. थांबताना उजवा पाय मागच्या ब्रेकवर ठेवायचा, गाडी केसभर डावीकडं कलवायची आणि डावा पाय पूर्ण तळवा टेकवायचा, तेवढं कलल्यावर पाय आरामात पोचतो. दोन चवड्यांवर तोललेल्या गाडीपेक्षा एका पूर्ण तळव्यावर उभी गाडी जास्त स्थिर असते. थांबायच्या आधी बघायचं फक्त डावीकडची जमीन कशी आहे, वाळू नाही ना, खोलगट नाही ना. रविवारी सकाळी एखाद्या मोकळ्या मैदानावर पन्नास वेळा थांबा आणि निघा, हात आणि पाय शिकतात.

एवढं सगळं करूनही पोचत नसेल तर मगच शॉकअप, आणि तोही जास्तीत जास्त पाऊण इंच, मागे-पुढे दोन्हीकडं सारखा, स्प्रिंग तुमच्या दोघांच्या वजनाला धरून निवडलेली, साइड स्टँड त्या मापानं आखूड केलेला. हे अर्ध्या तासाचं काम नाही, दिवसभराचं आहे.

प्रश्न: माझी ॲव्हेंजर २२० आहे, लुकसाठी मागचे शॉकअप २ इंच कमी केले आणि पुढं स्प्रिंगची दोन वेटोळी कापून घेतली. आता ब्रेक मारला की पुढून ठक् असा आवाज येतो, घाटात फूटरेस्ट घासतो, आणि चेन टाइट करूनपण फटफट वाजते. गाडी दिसते भारी, पण काहीतरी चुकलंय का? — अशोक चौकातून एक वाचक

उत्तर: हो मित्रा, चुकलंय, आणि पुढचं आधी दुरुस्त कर, आज नाही तर या आठवड्यात.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. कॉलेजात असताना मी पण माझ्या जुन्या गाडीच्या पुढच्या स्प्रिंगा एका गॅरेजात कापून घेतल्या होत्या, महिनाभर सगळं मस्त चाललं. मग एकदा मोहोळच्या अलीकडं खचलेल्या रस्त्यावर फोर्क इतक्या जोरात आपटला की हाताला झिणझिण्या आल्या, मी काही बघितलं नाही, तसाच पुढं आलो. सील फुटलं होतं, फोर्कमधलं तेल झिरपून डिस्कवर आलं होतं, आणि केगावला आल्यावर समोर म्हैस आली तेव्हा पुढचा ब्रेक लागलाच नाही. रस्ता सोडून मातीत गेलो म्हणून आज लिहितोय. तेव्हापासून स्प्रिंग कापायला सांगणाऱ्या प्रत्येकाला मी नाही म्हणतो.

तुझा ठक् आवाज म्हणजे तेच आपटणं आहे. बऱ्याच जणांना वाटतं स्प्रिंग कापली की मऊ होते, ते उलटं आहे, वेटोळी कमी झाली की उरलेली स्प्रिंग कडक होते, दहामधली दोन कापलीस तर सव्वापट कडक. पण लांबी गेल्यामुळं गाडी आधीच खाली बसलीय, ब्रेक मारल्यावर सगळं वजन पुढं येतं आणि दबायला जागाच राहिली नाही. एकदा का फोर्क तळाला टेकला की टायर आणि तुझ्यामध्ये काहीच नाही, त्या क्षणी रस्त्यावर एखादा उंचवटा आला तर चाक जमीन सोडतं, आणि चाक जमिनीवर नसेल तर ब्रेक कसला. गॅसनं कापली असेल तर अजून वाईट, त्या टोकाचं पोलाद तापून पाणी उतरलेलं असतं, ते बसतं नाहीतर तुटतं. नव्या मूळ स्प्रिंगा, नवीन सील आणि फोर्क ऑइल, एवढं टाक. पुढून खाली करायची बरोबर पद्धत म्हणजे फोर्कचे पाईप टी मधून, म्हणजे हँडलखालच्या पकडीतनं, थोडे वर सरकवणं, त्यात स्प्रिंगला हात लागत नाही, पण तिथंही पूर्ण दबल्यावर मडगार्ड टीच्या खालच्या बाजूला लागत नाही हे मोजून बघावं लागतं.

फूटरेस्ट घासतो ते खाली बसवल्याची सरळ किंमत. ॲव्हेंजरची सीट मुळात ७३७ मिमी, क्लिअरन्स १६९, कंपनीनंच ती जेवढी खाली ठेवता येते तेवढी ठेवलीय. फूटरेस्टचं टोक घासलं तर तो दुमडतो आणि तुला इशारा मिळतो, पण त्याच्या नंतर घासणार तो सायलेन्सर किंवा स्टँड, ते दुमडत नाहीत, ते मागचं चाकच उचलतात आणि वळणात चाक उचललं की गाडी सरळ सरकत जाते. तुळजापूरच्या घाटात पलीकडनं एसटी येत असते हे ध्यानात ठेव.

चेनचं कारण वेगळं आहे. चेन सगळ्यात ताणलेली कधी असते माहितीय? गिअरबॉक्सचं छोटं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक), चिमट्याचा, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या हलत्या सांगाड्याचा, खिळा आणि मागचा ॲक्सल हे तिन्ही एका रेषेत आले की. मूळ उंचीला उभ्या गाडीत ॲक्सल त्या रेषेच्या बराच खाली असतो, आणि मॅन्युअलमधला ढिलेपणाचा आकडा त्या अवस्थेसाठी दिलेला आहे. तू गाडी खाली केलीस, ॲक्सल रेषेच्या जवळ आला, आणि मेकॅनिकनं तिथं तोच आकडा धरून चेन लावली. म्हणजे चेन जिथं ताणलेली असायला हवी तिथंच ढिली, आणि चाक खाली लोंबलं की अजूनच ढिली, म्हणून फटफट. शॉकअप खालून सोडवून चाक हातानं वर उचलायचं, तिन्ही बिंदू रेषेत आणायचे, तिथं चेन अगदी थोडी हलेल एवढीच ठेवायची. पण म्हणून अजून ताणायला सांगू नकोस अंदाजानं, जास्त ताणली तर गिअरबॉक्सचं बेअरिंग जातं, ते चेनपेक्षा कितीतरी महाग पडतं.

मागचे शॉकअप मूळचे घरात असतील तर बसव. नसतील तर निदान एक इंचावर ये. टाकी, हँडल, सीटचं कव्हर, रंग, यात लुकसाठी भरपूर जागा आहे, सोलापुरात चांगले पेंटर पण आहेत.

प्रश्न: गाडी खाली केली तर पोलीस पकडतात का? इन्शुरन्सचं काय? — एक वाचक, बाळे

उत्तर: मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असं सांगतं की नोंदणीत लिहिलेला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करायचा नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही तेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं बदललेल्या कलम १८२-अ मध्ये मालकाला प्रत्येक बदलामागं ५००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही आहे. चेसिस कापणं, वेल्डिंग करणं, चिमटा लांब करून व्हीलबेस बदलणं हे सरळसरळ यात येतं, त्याच्या नादी लागू नका. नटबोल्टनं बसणारा शॉकअप बदलणार असाल तर आधी इन्शुरन्स कंपनीला लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. अपघात झाल्यावर सर्व्हेअर गाडी बघायला येतो तेव्हा तोंडी बोलण्याला काही किंमत नसते.

प्रश्न: माझं उलटं आहे. सुपर मीटिअर ६५० आहे, माझं वजन १०४ किलो, होटगी रोडला मोठ्या खड्ड्यात मागनं धाडकन आपटते, स्पीडब्रेकरला खाली घासते. काही लोक म्हणतात प्रीलोड फुल करा, काही म्हणतात त्यानं गाडी कडक होते. नक्की काय?

उत्तर: काका, तुमची गाडी कंपनीतनंच खाली बसवलेली आहे असं समजा. सीट ७४० मिमी, क्लिअरन्स १३५, आणि मागच्या चाकाची एकूण हालचाल १०१ मिमी, पुढं १२०. गाडीचंच वजन २४१ किलो. त्यामुळं त्या १०१ मधला प्रत्येक मिलिमीटर मोलाचा आहे.

प्रीलोडनं स्प्रिंग कडक होत नाही. स्प्रिंग तीच राहते, फक्त गाडी वर उचलली जाते, म्हणजे तुम्ही बसल्यावर दबायला जास्त जागा शिल्लक राहते. कडक वाटते कारण आधी ती बसकी होती. किती वर करायचं हे अंदाजानं नाही, टेपनं ठरवा, दोन माणसं मदतीला लागतील.

मागचं चाक हवेत येईल अशी गाडी उचलून धरा किंवा स्टँडवर घ्या, ॲक्सलच्या मधापासून बरोबर वर मडगार्डवर एक खूण करा आणि अंतर मोजा. मग गाडी खाली ठेवून, सरळ धरून, तुम्ही बसलेले असताना, पाय फूटरेस्टवर, हेल्मेट-जॅकेट सगळं घालून, तेच अंतर परत मोजा. एकानं पुढनं हँडल धरायचं, दुसऱ्यानं मोजायचं. दोन्हीतला फरक एकूण हालचालीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या जवळ पाहिजे, तुमच्या गाडीत ३० ते ३३ मिमी. ४५ किंवा ५० आला तर अर्धी हालचाल तुम्ही घरातनं निघायच्या आधीच संपवलीत. एकेक पायरी वर करत मोजत जा.

सगळ्यात वरच्या पायरीवर पण फरक ४०च्या वर राहिला तर प्रीलोडचं काम संपलं, तुमच्या वजनाला मूळ स्प्रिंगच मऊ पडते, जास्त कडक स्प्रिंगचे शॉकअप लागतील, लांबी मात्र मूळचीच ठेवा. अजून एक बघा, गाडी मागनं दाबून सोडली की वर येऊन एकदाच थांबते का दोन-तीनदा डुलते? डुलत असेल तर शॉकअपचं आतलं तेल गेलंय, दांड्यावर ओलसर धूळ चिकटलेली दिसेल, मग प्रीलोड कितीही फिरवा, उपयोग नाही.

बसलेलं, न बसलेलं आणि कुठल्या पायरीवर, हे तीन आकडे लिहून पाठवा, स्प्रिंग किती कडक लागेल ते पुढच्या वेळी हिशोब करून सांगतो.